शिक्का मारलेला कॅमेरा

डोळ्याची पट्टी सुटली की माणसं आधी घरच्यांची तोंडं बघतात, दोन थेंब पाणी काढतात आणि सुनेला "किती गं वाळलीस" असं म्हणतात. आप्पांनी तसलं काही केलं नाही. त्यांनी मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, ते चार मिनिटं पुढे आहे असं सांगितलं आणि म्हणाले, "आता तिचा फोटो आणा."

"कुणाचा?" सुनेने विचारलं. सासूबाईंचा फोटो तर समोरच होता.

"लाँचचा," आप्पा म्हणाले.

आप्पांनी अठ्ठावीस वर्षं खाडीच्या या काठावरून त्या काठावर प्रवासी लाँच नेली आणि आणली. मग पूल झाला. लाँच बरीच वर्षं धक्क्याला गंज खात उभी राहिली, आणि दोन वर्षांपूर्वी पर्यटकांना पाण्याखाली नेणाऱ्या एका मंडळीने ती घेऊन, इंजिन काढून, बंदराबाहेर नऊ मीटर पाण्यात बुडवली. म्हणे तिच्यात मासे घर करतात आणि मासे बघायला माणसं येतात. बुडवण्याच्या दिवशी आप्पांना आमंत्रण होतं, पहिल्या रांगेतली खुर्ची होती. आप्पा गेले नाहीत. त्यांनी घरातली आपली खुर्ची उचलली, खिडकीकडे पाठ करून ठेवली आणि त्या दिवसापासून बोलणं जवळजवळ सोडलं. "हो", "नको" आणि "पंखा कमी कर" एवढ्यावर दोन वर्षं काढली.

"पण आप्पा, ती छान बसलीय म्हणतात खाली," सून म्हणाली. "एकदम सरळ."

"सांगायला काय जातंय! सगळेच सरळ सांगतात. अठ्ठावीस वर्षं जिच्यावर उभा राहिलो ती नीट बसलीय की कुशीवर टाकून दिलीय, एवढं मला बघू दे. मग मी डोळे मिटायला मोकळा. आत्ताच उघडलेत म्हणा."

त्या मंडळीकडून फोटो मागवले. चाळीस आले. प्रत्येकात एक चष्मा लावलेला पर्यटक दोन्ही हात पसरून तरंगतोय आणि मागे ओंजळभर गंजका पत्रा. आप्पांनी नव्या डोळ्यांनी चाळीसही फोटो नीट पाहिले आणि परत केले. "माणसं बघून झाली. आता लाँच दाखवा," असं म्हणून ते पुन्हा गप्प झाले, आणि हे गप्प आधीच्या गप्पपेक्षा वाईट होतं.

"मी आणतो," मुलगा म्हणाला. म्हणाला आणि कोण बोललं ते बघायला त्याने मागे वळून पाहिलं.

तर हा मुलगा. वय त्रेपन्न. वजन अडुसष्ट किलो दोनशे ग्रॅम, सकाळी, चहाआधी. वजनमापे खात्यात निरीक्षक. दुकानदारांचे काटे तपासायचे, खोटं वजन सापडलं तर जप्त करायचं, काटा खरा निघाला तर त्यात तार ओवून शिशाचा शिक्का दाबायचा, हे त्यांचं काम. सत्तावीस वर्षांत ते काम अंगात असं मुरलं होतं की बायको "आलेच दोन मिनिटांत" म्हणाली की हे घड्याळ बघत उभे राहत. इमारतीत त्यांना सगळे काटेकोर म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना तो मान वाटे. आपणही तेच म्हणू. लाँच चालवणाऱ्याच्या पोटी जन्मून काटेकोर पाण्याला भीत. पोहणं त्यांनी इमारतीच्या तलावात कसंबसं शिकून घेतलं होतं, तेही कडेकडेने. बापलेकांत या विषयावर कधी बोलणं झालं नव्हतं. आप्पा काही म्हणत नसत, आणि ते काही न म्हणणंच काटेकोरांना पन्नास वर्षं टोचत आलं होतं.

रजेचा अर्ज दिला त्या दिवशी कचेरीत जेवणानंतर खुर्चीत जरा डोळा लागला, तर काटेकोरांना स्वप्न पडलं. लाँच पाण्याखालून चालली होती, अगदी वेळेवर. बाकांवर पितळी वजनं तिकिटं घेऊन बसली होती. पाच किलो खिडकीशी, दोन किलो त्याच्या शेजारी, आणि अर्ध्या किलोला एका किलोने मांडीवर घेतलं होतं. कुणी काही बोलत नव्हतं. सुकाणूपाशी आप्पा पाठमोरे उभे होते आणि आता वळतील, आता वळतील असं वाटत असतानाच साहेबांची घंटा वाजली.

साहेबांच्या हातात काटेकोरांचा रजेचा अर्ज होता. "कारण: पाण्याखाली जाणे." साहेबांनी तो दोनदा वाचला.

"म्हणजे मुख्यालय सोडून जाताय?"

"नाही साहेब. इथेच. बंदराबाहेर दोन किलोमीटर आणि मग खाली नऊ मीटर."

साहेबांनी नियमांचं पुस्तक काढलं. मुख्यालयापासून आठ किलोमीटरच्या पलीकडे जायचं तर वेगळी परवानगी लागते, पण ते आठ किलोमीटर आडवे की उभे, याचा खुलासा पुस्तकात नव्हता. साहेबांनी तो वरून मागवला. वरून तीन आठवड्यांनी उत्तर आलं की, प्रकरण आपल्या स्तरावर निकाली काढावे. साहेबांनी एक दिवसाची रजा दिली आणि शेऱ्यात लिहिलं, "खाली गेल्यावर संपर्काचा पत्ता कळवावा."

कॅमेरा मात्र चटकन मिळाला, आणि तेच दुखणं होऊन बसलं. तो साडूचा होता. साडू या नात्याबद्दल ज्यांना साडू आहे त्यांना काही सांगायला नको आणि ज्यांना नाही त्यांना सांगून कळायचं नाही. काटेकोरांच्या साडूभाऊंनी चार वर्षांपूर्वी पाण्याखालचा कॅमेरा घेतला होता, पारदर्शक जाड डबीसकट. तो त्यांच्या घरच्या टबापलीकडे कुठल्याच पाण्यात गेला नव्हता.

"न्या हो, खुशाल न्या," साडूभाऊ म्हणाले. "हरवलात तरी चालेल."

"हरवणार नाही."

"हरवेल हो. चांगल्या चांगल्यांचा हरवतो, तिथे तुमचं काय! समुद्र आहे तो. मनाला लावून घेऊ नका."

काटेकोरांनी मनाला लावून घेतलं. घरी येताना त्यांनी डबी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. एक वेळ आपण वर आलो नाही तरी चालेल, पण कॅमेरा साडूच्या टेबलावर परत गेला पाहिजे, असं त्यांनी जिन्यातच ठरवून टाकलं. फोटो या गोष्टीचा त्यांना तेव्हापासूनच जरासा विसर पडायला लागला होता, हे आता लक्षात येतं.

डबी घेऊन माणूस जिना चढतोय म्हटल्यावर इमारत गप्प बसणार थोडीच! पहिल्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर दारातच होते. "गळ्यात अडकवा," ते म्हणाले. "मी चौतीस वर्षं शिटी गळ्यात अडकवली. एकदाही हरवली नाही." त्यांनी शिटीची जुनी दोरी आणूनही दिली. तळमजल्यावरच्या शिंप्याला हे पटलं नाही. गळ्यात दोरी, वर पाणी, हे काही शुभ लक्षण नव्हे, असं त्याचं मत पडलं. त्याने छातीवर मावेल असा जाड कापडी खिसा शिवला, वर चिकटपट्टी, पट्टीवर दोन बटणं, आणि मापं घेताना, "पाण्यात माणूस फुगतो, म्हणून अर्धा इंच सैल ठेवतो," असंही सांगितलं. काटेकोरांच्या बायकोचा सल्ला सगळ्यांत सोपा होता.

"हरवायचा नसेल तर घरीच ठेवून जा ना."

"अगं, मग फोटो?"

"तेच म्हणतेय मी. तुम्ही फोटो काढायला चाललाय की कॅमेरा सांभाळायला?"

प्रश्न वर्मी लागणारा होता, म्हणून काटेकोरांनी तो ऐकलाच नाही.

त्या मंडळीतल्या, पाण्याखाली उतरायला शिकवणाऱ्या मुलीने मात्र कामाचं सांगितलं होतं. ती त्यांच्या लेकीच्या वयाची होती, पण सगळे तिला मास्तरीण म्हणत. "काका, पाण्यात उतरताना हात रिकामे हवेत. तुम्ही उतरलात की कॅमेरा मी वरून देईन. जाकिटाच्या कडीला ही गुंडाळीची दोरी अडकवायची, आकडा लावायचा, झालं. बाकी काही बांधू नका. आणि तो तरंगत असेल तर त्याला जरा वजन लावा, म्हणजे हातात स्थिर राहील."

'वजन' हा शब्द तिने उच्चारला आणि काटेकोरांच्या चेहऱ्यावर तेज चढलं. गेल्या महिन्याभरात पहिल्यांदाच या प्रकरणात त्यांना कळण्यासारखं काहीतरी निघालं होतं. जरा वजन! जरा म्हणजे किती? कॅमेरा पाण्यात सोडला तर वर जाता कामा नये आणि खालीही जाता कामा नये, असं नेमकं वजन काढायचं तर खोल पाणी हवं. बादलीत वजन लावलं की डबी लगेच तळाला टेकत होती. खोल आणि स्थिर पाणी इमारतीत एकाच ठिकाणी होतं, गच्चीवरच्या टाकीत.

सेक्रेटरींनी अर्ज मागितला. "टाकीत वस्तू बुडवण्याबाबत." मग वस्तू स्वच्छ असल्याचा दाखला मागितला. तो कुणी द्यायचा यावर बैठक भरली आणि शेवटी काटेकोरांनीच काटेकोरांना दिला, कारण इमारतीत दाखले देण्याचा अधिकार असलेला दुसरा सरकारी माणूस नव्हता. दुपारी दोन ते तीन ही वेळ ठरली.

गच्चीवर ऊन होतं. टाकीचं झाकण उघडलं तशी उन्हाची एक तिरीप आत उतरली आणि पाणी तळापर्यंत हिरवट उजळलं. काटेकोरांनी स्वतःच्या पैशाने घेतलेला, स्वतः तपासून शिक्का मारलेला पितळी वजनांचा संच शेजारी मांडला. डबीखाली शिंप्याकडून शिवून घेतलेली पिशवी होती, तिच्यात एकेक वजन पडू लागलं. दोनशे ग्रॅम, डबी वर. पन्नास, तरी वर. वीस, खाली! वीस काढून दहा, वर. पाच. दोन. आणि एक ग्रॅमचं चिमुकलं वजन पिशवीत गेलं मात्र, डबी पाण्याच्या मधोमध थांबली. वर नाही, खाली नाही. काटेकोरांनी श्वास रोखला. ती तिथेच. उन्हाची तिरीप तिच्या अंगावरून हळूहळू सरकत होती, आणि टाकीच्या कडेवर हनुवटी टेकून काटेकोर तिच्याकडे बघत राहिले. आयुष्यभर काट्याची सुई मधोमध येताना त्यांनी पाहिली होती, पण तिला दोन्ही बाजूंना पारडी असायची. हे काहीच नसताना मधोमध होतं. तीन वाजले, साडेतीन वाजले. चौथ्या मजल्यावरून नळाला पाणी येत नसल्याचा ओरडा झाला, सेक्रेटरी वर आले, आणि काटेकोर त्यांना म्हणाले, "श्श! बघा." सेक्रेटरींनी वाकून पाहिलं आणि तेही दहा मिनिटं काही बोलले नाहीत.

त्याच तंद्रीत काटेकोर खाली आले आणि जेवणाच्या टेबलावर बसून त्यांच्या हातांनी जे केलं ते त्यांनी केलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. सत्तावीस वर्षांची सवय आहे. काटा खरा ठरला की पुढे काय करायचं? डबीच्या दोन्ही खिट्ट्यांना नेमकी भोकं होती. त्यांनी तार ओवली. डबीच्या उजव्या अंगाला बोटाएवढ्या दांड्याला आणखी एक सुरेख भोक होतं. ते रिकामं कशाला सोडायचं म्हणून तार त्यातूनही नेली, ताणली, पीळ दिला, शिशाची गोळी बसवली आणि पक्कड दाबली. कट्ट! साडूभाऊंचा कॅमेरा आता कायदेशीररीत्या खरा होता.

रजेच्या दिवशी समुद्र गुळगुळीत होता. होडीत काटेकोर रबरी कपड्यात बसले होते आणि पोटातलं ओठांपर्यंत आणून परत पाठवत होते. छातीवर शिंप्याचा खिसा, गळ्यात हेडमास्तरांची दोरी, जाकिटाला मास्तरणीचा आकडा. कुणालाच नाराज करायचं नाही, हा मध्यमवर्गीयांचा धर्म त्यांनी पाळला होता. मास्तरणीने शिक्क्याकडे बोट दाखवलं. "काका, हे काय?"

"सुरक्षा," काटेकोर म्हणाले. शिक्क्यावर सरकारी चिन्ह होतं, त्यामुळे ती पुढे काही बोलली नाही.

ते पाण्यात उतरले, तिने वरून कॅमेरा दिला, त्यांनी तो दोरीला आणि आकड्याला अडकवून छातीवरच्या खिशात घातला, आणि डोकं पाण्याखाली गेल्याबरोबर पहिली गोष्ट घडली ती ही की, कॅमेरा वर ओढायला लागला. फार नाही. लहान मूल बाहीला धरून ओढतं तेवढाच. काटेकोरांना कळेना. एक ग्रॅमपर्यंत जुळवलेलं वजन! आणि मग कळलं, आणि कानशिलं त्या गार पाण्यातही तापली. मीठ! टाकीतलं पाणी गोडं आणि हे खारं. खारं पाणी जड, त्यात डबी हलकी. गवळ्यांच्या दुधात काटा बुडवून पाणी पकडणारा माणूस समुद्रात मीठ असतं हे विसरला होता. खात्यात कुणाला कळलं तर तोंड दाखवायला जागा नव्हती. सुदैवाने तोंडात नळी होती.

ते खाली उतरत गेले आणि हळूहळू लाजही वर राहून गेली. सगळीकडे निळं-हिरवं होतं आणि आवाज नव्हता. स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत होता, आत आणि बाहेर, कुणीतरी शेजारी शांत झोपल्यासारखा. काटेकोरांनी हात हलवला तर हाताला वजन नव्हतं. पाय उचलला, पायाला नव्हतं. अडुसष्ट किलो दोनशे ग्रॅम कुठे गेले कुणास ठाऊक. आणि सगळ्यांत नवल म्हणजे इथे कुणी सल्ला देऊ शकत नव्हतं. हेडमास्तर, शिंपी, सेक्रेटरी, साडू, सगळ्यांची तोंडं वर राहिली होती. किती छान आहे हे, काटेकोरांना वाटलं, आणि असं वाटल्याचं त्यांनी मास्तरणीला अंगठा उंचावून कळवलं. पाण्याखाली त्याचा अर्थ 'मला वर न्या' असा होतो हे त्यांना शिकवलं होतं. तिने मुकाट्याने त्यांना पाच मीटर वर आणलं, कपाळाला हात लावला आणि पुन्हा खाली नेलं.

आणि मग लाँच आली. निळ्यातून आधी एक काळोखी झाली, मग तिला कडा फुटल्या, मग बाक दिसले, तिकिटाची खिडकी दिसली, सुकाणूच्या खोलीचं दार दिसलं. बाकांवर मासे होते, ओळीने, एकाच दिशेला तोंड करून. काटेकोरांना हे सगळं आपण कचेरीच्या खुर्चीतून आधी पाहिलंय असं वाटलं आणि सुकाणूपाशी कुणी पाठमोरं उभं आहे का, हे त्यांनी खरोखरच वाकून बघितलं. कुणी नव्हतं.

मास्तरणीने खूण केली, फोटो. काटेकोरांनी खिशाची दोन बटणं काढली, चिकटपट्टी सोडवली, जाकिटाचा आकडा काढला कारण त्याच्या दोरीने कॅमेरा डोळ्यापर्यंत पोचेना, कॅमेरा समोर धरला आणि उजव्या अंगाचा बोटाएवढा दांडा दाबला.

दांडा हलला नाही.

फोटो काढायचा दांडा तोच होता. त्याच्या सुरेख भोकातून सरकारी तार गेली होती आणि तारेवर काटेकोरांचा स्वतःचा शिक्का होता, पक्का, कायद्याप्रमाणे, कुणीही छेडछाड करू नये असा. त्यांनी पुन्हा दाबला. अंगठ्याने दाबला, दोन्ही अंगठ्यांनी दाबला. एक मासा येऊन बघून गेला. सत्तावीस वर्षांत त्यांनी मारलेला एकही शिक्का कधी ढिला निघाला नव्हता. हाही नव्हता.

मास्तरणीने पायाला बांधलेला सुरा काढून त्यांच्यापुढे धरला. काटेकोर बघत राहिले. शिक्का तोडणं! शिक्के तोडणाऱ्या किती दुकानदारांना त्यांनी नोटिसा दिल्या होत्या. मग त्यांना खिडकीकडे पाठ केलेली खुर्ची दिसली, आणि त्यांनी सुरा घेतला. कॅमेरा वर ओढत होता, हेडमास्तरांची दोरी तारेवरून आडवी आली होती. काटेकोरांनी मन घट्ट करून सुरा ओढला, आणि हेडमास्तरांची दोरी कापली गेली.

कॅमेरा निघाला. घाई नाही, गडबड नाही. एखादे पाहुणे निरोप घेऊन जिना चढतात तसा तो सावकाश वर निघाला. काटेकोरांनी हात लांबवला तर वीतभर कमी पडला. निसटलेल्या वस्तूमागे झेप घ्यायची नाही, वर धावायचं नाही, हा नियम मास्तरणीने त्यांच्या डोक्यात ठोकून बसवला होता आणि आता तिने त्यांचं जाकीट घट्ट धरलं होतं. डबी लहान होत गेली, चकाकली, आणि वरच्या उजेडात मिसळून गेली. साडू बरोबर ठरला होता.

काटेकोर गुडघ्यांवर बसले, सुकाणूच्या खोलीच्या दारापाशी. हात रिकामे होते. आप्पांना काय सांगायचं? त्यांनी सुस्कारा सोडला. सुस्काऱ्याचे बुडबुडे झाले आणि दाराच्या खांबाला लागून वर निघाले. काटेकोर उगीच त्यांच्याकडे बघत होते. खांबाच्या तळाशी बुडबुडे खांबाला चिकटून होते. वर पोचेपर्यंत दोघांत फट पडली होती.

बुडबुडा वाकडा जात नाही. मग वाकडा कोण?

काटेकोर ताठ झाले. त्यांनी पुन्हा श्वास सोडला आणि खांबाच्या वरच्या टोकाशी फटीत बोटं घालून पाहिली. मग तिसऱ्यांदा, कारण वाचनं तीन घ्यायची असतात. मास्तरीण हवेचा काटा दाखवून चला चला करत होती, आणि दाराशी बसून हा माणूस फुंकरा घालत होता. निघताना त्यांनी लाँचभोवती एक पूर्ण फेरी मारली आणि सगळं डोळ्यांनी उचलून घेतलं.

वर आले तेव्हा होडीवाला त्यांची वाट बघत होता. "काका, तुमची डबी केव्हाच वर आली. चहा ओतत होतो, तर शेजारी तरंगतेय. बादलीने उचलली." डबी कोरडी होती, कॅमेरा शाबूत होता, शिक्का अभंग होता. मिठाने तो वाचवला होता. कॅमेरा साडूच्या टेबलावर परत गेला, आणि आत साडूच्या टबाचे चार फोटो होते तेवढेच राहिले.

काटेकोर घरी आले तेव्हा आप्पा खुर्चीत सरसावून बसले होते, नवा चष्मा पुसून. सून चहा घेऊन दारातच थांबली.

"फोटो नाही मिळाला, आप्पा," काटेकोर म्हणाले. कारण सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण कारण फार लांब होतं आणि त्यात ते स्वतः फार वेळा येत होते. "चूक माझी. पण मी बघून आलोय."

आप्पांनी चष्मा काढला. "बसलीय ना? सरळ?"

दारातून सून डोळ्यांनी खुणावत होती, हो म्हणा, हो म्हणा. दोन वर्षांनी म्हातारा बोलायला लागलाय, हो म्हणायला काय जातंय! काटेकोरांनाही ते कळत होतं. पण वाचन ते वाचन.

"सरळ नाही, आप्पा," ते म्हणाले. "तळावर बसलीय, कुशीवर नाही. पण डावीकडे कललीय. सुकाणूच्या दाराच्या उंचीला चार बोटं. पट्टी नव्हती, बोटांनी मोजलं. या मापाला कायद्याने मान्यता नाही. पण तीनदा घेतलं."

आप्पांची हनुवटी हलायला लागली. सून चहा खाली ठेवून पुढे धावली, तर आप्पा हसत होते. डोळ्यांना धार लागली होती आणि हसत होते.

"चार बोटं! डावीकडे! मग बसलीय. अगदी नीट बसलीय रे!" त्यांनी मुलाचं मनगट पकडलं. "बुडाचा कणा वाकडा आहे तिचा. तिसऱ्या वर्षी मीच खडकावर घासली. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लाँच गेली असती आणि नोकरीही. ती बुडावर टेकली की डावीकडे चार बोटं कलणार, हे फक्त मला माहीत. सरळ आहे म्हणणारा प्रत्येक जण खोटं बोलत होता. बघून आलेला तू पहिला."

काटेकोरांनी विचारलं, "पण आप्पा, दर वर्षी लाँच तपासायला निरीक्षक यायचे ना? त्यांना कसं नाही कळलं?"

आप्पांनी चष्मा पुन्हा लावला आणि मुलाकडे नीट बघून घेतलं. "तू लहानपणी रोज माझ्याबरोबर यायचास. उजवीकडच्या शेवटच्या बाकावर बसायचास. का?"

"मला उलट्या व्हायच्या म्हणून. तुम्हीच लांब बसवायचा."

"उलट्या डावीकडूनही करता आल्या असत्या. बाकाखाली वाळूच्या दोन थैल्या असायच्या आणि वर तू. त्याने ती सरळ व्हायची. पोरगं उलट्या करतंय म्हटल्यावर निरीक्षक त्या बाकाजवळ फिरकायचाही नाही. माझी लाँच तू सरळ धरलीस, रे. सहा वर्षं."

सत्तावीस वर्षं खोटी वजनं जप्त करणारा माणूस पहिल्यांदाच एका खोट्या वजनाच्या बाजूने विचार करत होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते.

"चौथीत तू तेवीस किलो होतास," आप्पा म्हणाले. "पाचवीत सव्वीस. वाळू कमी करावी लागली. दर महिन्याला धक्क्यावरच्या मालाच्या काट्यावर तुला उभा करून तोलायचो मी. सगळं पाठ आहे मला."

काटेकोरांनी बाहीने डोळे पुसले, घसा साफ केला, आणि तरी आवाज घोगराच आला.

"आप्पा, तो काटा... शिक्क्याचा होता का?"

"गप बस," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवून घ्यायला मुलाला हात दिला.